ऑसिलाच्या वूटन सिस्टरना आभाराचे पत्र

डॉन वूटन सिस्टर यांना,

सप्रेम नमस्कार.

आमच्या महाराष्ट्रात रुग्णालयातील परिचारिकेला सगळे सिस्टर म्हणतात, म्हणून तुम्हालाही त्याच नावाने हाक मारते आहे. मी मिरजेत नर्सिंग शिकले आणि गेली सतरा वर्षे अमेरिकेत तेच काम करते. पत्र तुमच्यासाठी असले तरी मराठीत लिहिते आहे, कारण तुमचे उपकार ज्यांच्यावर आहेत त्यांत आपणही येतो, हे माझ्या माणसांना कळावे असे मला मनापासून वाटते.

अटलांटापासून गाडीने जवळजवळ तीन तासांवर, जॉर्जियातील ऑसिला या लहान गावी, अर्विन काउंटी डिटेन्शन सेंटरमध्ये तुम्ही नर्स होता. इमिग्रेशन खात्याने ताब्यात घेतलेल्या माणसांना तिथे ठेवत आणि केंद्र एक खासगी कंपनी चालवत असे. १४ सप्टेंबर २०२० रोजी काही संस्थांनी होमलँड सिक्युरिटी खात्याच्या महानिरीक्षकांकडे तक्रार दाखल केली आणि तिच्यात तुमची साक्ष तुमच्या नावानिशी होती. कोविडच्या ऐन काळात पुरेशा चाचण्या होत नाहीत, तपासून घेण्यासाठी आजारी माणसांनी लिहून दिलेल्या चिठ्ठ्या श्रेडरमध्ये, म्हणजे कागदाचे तुकडे करणाऱ्या यंत्रात, जातात, रुग्णाला न पाहताच तपासल्याच्या नोंदी होतात आणि आपल्यावर कोणती शस्त्रक्रिया झाली हे स्त्रियांना नीट समजावलेलेही नसते, असे तुम्ही सांगितलेत. आत आवाज उठवल्यावर आपल्या कामाच्या पाळ्या काढून घेतल्या गेल्या, हेही तुम्ही सांगितलेत.

वाचताना मी त्या चिठ्ठ्यांपाशी आणि त्या खोट्या नोंदींपाशी थांबले. मी नवी असताना, ज्या रुग्णालयाचे नाव मी इथे घेणार नाही तिथे, रात्रपाळीला एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी टेबलाशी बसून, एकाही खाटेजवळ न जाता, अख्ख्या वॉर्डाचे टी.पी.आर. चार्ट (ताप, नाडी आणि श्वास यांच्या नोंदी) भरलेले मी पाहिले होते. सकाळी त्यांतल्या एका आजींना सणकून ताप होता आणि चार्टवर रात्रभर ताप नव्हता. मी काही बोलले नाही. नोकरी नवी होती, घरी पैसे पाठवायचे होते, आणि वरिष्ठांविरुद्ध बोलणाऱ्या मुलीचे पुढे काय होते ते मला ठाऊक होते. तुम्हालाही ते ठाऊक होते, तरी तुम्ही बोललात. म्हणून पहिले आभार मी माझ्या वतीने मानते, कारण त्या रात्रीचा सल मला तुमची साक्ष वाचेपर्यंत नीट शब्दांत सांगताही आला नव्हता.

तुमच्या तक्रारीवरून पुष्कळ वाद झाला. अमेरिकी सिनेटच्या तपास उपसमितीने, जिच्यात दोन्ही पक्षांचे सदस्य होते, अठरा महिने चौकशी करून नोव्हेंबर २०२२ मध्ये अहवाल दिला. त्या वादात गाजलेल्या, तिथे सरसकट गर्भाशये काढली जात होती या आरोपाला त्यात पुष्टी मिळाली नाही. मात्र तिथल्या स्त्रियांवर अतिरेकी आणि अनेकदा अनावश्यक स्त्रीरोग-शस्त्रक्रिया झाल्याचे दिसते, असा निष्कर्ष समितीने काढला. मी दोन्ही गोष्टी मुद्दाम लिहिते आहे, कारण खऱ्या नोंदीसाठी तुम्ही नोकरी पणाला लावलीत आणि तुमच्या आभाराच्या पत्रात नोंद अर्धी राहू नये. मे २०२१ मध्ये त्या केंद्राशी असलेला करार संपवण्याचा आदेश निघाला. तिथली बरीच माणसे सुटली नाहीत, दुसऱ्या केंद्रांत हलवली गेली, याचे दुःख मात्र उरतेच. आणि तुमच्याबरोबर त्या स्त्रियांचेही आभार मानले पाहिजेत, ज्यांनी कोठडीत असताना, परत धाडले जाण्याची टांगती तलवार डोक्यावर असताना, आपल्या देहावर काय झाले ते शपथेवर लिहून दिले.

नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करताना मी १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा पहिल्यांदा अथपासून इतिपर्यंत वाचला. सर्व माणसे समान जन्मतात, हे वाक्य सर्वांना पाठ असते. पण त्या कागदाचा मोठा भाग ब्रिटनचा राजा तिसऱ्या जॉर्जविरुद्धच्या गाऱ्हाण्यांची यादी आहे, आणि परदेशी लोकांना इथले नागरिकत्व मिळण्याच्या आड राजा येतो, हे त्यांतले एक गाऱ्हाणे आहे. ज्या देशाचा जन्मच एका लेखी तक्रारीतून झाला, त्या देशात तापाने फणफणलेल्या माणसाची तक्रार यंत्रात घालून तिचे तुकडे करणे, याहून त्या जाहीरनाम्याचा मोठा अवमान मला सुचत नाही. पुढे राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीत, योग्य कायदेशीर प्रक्रियेवाचून कोणाचे जीवित वा स्वातंत्र्य हिरावता येणार नाही असे लिहिताना ‘नागरिक’ हा शब्द वापरलेला नाही, ‘व्यक्ती’ हा वापरला आहे; आणि इथे असलेल्या परक्या माणसाला, तो कागदपत्रांविना असला तरी, हे संरक्षण आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येही सांगितले. इमिग्रेशनची स्थानबद्धता ही कायद्याने शिक्षा नाही, म्हणून त्यातल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. अशा वेळी त्याच्या हातात उरते ती कागदाची चिठ्ठी.

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीय अमृतसरला उतरवले गेले, त्यांच्या हातापायांत प्रवासात बेड्या होत्या, आणि त्यांत तिघे महाराष्ट्रातले होते. त्या आठवड्यात आमच्या ओळखीच्या मराठी घरांत ‘आपण रीतसर आलो, त्यांचे वेगळे’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले, आणि ते मला फार लागले. २०२५ च्या अखेरीस ६०,००० हून अधिक माणसे अशा केंद्रांत होती. त्यांच्या खोलीत आपल्यापैकी कोणी जाऊ शकत नाही. पाळीवरची नर्स जाते.

सिस्टर, तुमची साक्ष वाचल्यावर मी एका वकील बाईंना स्थानबद्धांच्या वैद्यकीय फायली वाचून द्यायला लागले. गेल्या महिन्यात आलेल्या एका फाइलमध्ये एकाच माणसाच्या चार चिठ्ठ्या होत्या, छातीत दुखते असे चारही वेळा लिहिलेल्या, कोणीतरी जपून ठेवलेल्या. त्या मी तारखेप्रमाणे लावल्या, प्रत्येकीखाली उत्तर कधी मिळाले ते लिहिले, आणि घरी येऊन तुम्हाला हे पत्र लिहायला बसले.

तुमची कृतज्ञ,
एक मराठी परिचारिका