विचारमग्न की घोरात?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एक छायाचित्र आलं होतं. भिजलेल्या सोयाबीनच्या बनमीपाशी, म्हणजे कापून रचलेल्या ढिगापाशी, एक शेतकरी उकिडवा बसलेला, हातात काळ्या पडलेल्या शेंगा. खाली ओळ : ‘विचारमग्न बळीराजा’. शेजारच्याच पानावर सभेत हनुवटीला हात लावून बसलेले पुढारी, तेही ‘विचारमग्न’च!

‘मग्न’ म्हणजे बुडालेला. पण माणूस विचारात आपखुशीने बुडतो. गणित सोडवणारं पोर, सोंगटी हातात धरून थांबलेला बुद्धिबळपटू, यांना विचारमग्न म्हणा. कीर्तनात डोलणारा तल्लीन. तिथे विचार कुठला? खिडकीतून बघत बसलेल्याची तंद्री लागते आणि ती मोडते चहावाल्याच्या हाकेने. संस्कृतात ‘चिंता’ म्हणजे विचारही होतो, मराठीत मात्र ती काळजीच उरली. ‘चिंतन’ तेवढं शिष्टांकडे गेलं.

आमच्या अंबाजोगाई भागात त्या शेतकऱ्यासाठी नेमका शब्द आहे, घोर. ‘लई घोर लावून घेऊ नगंस’ असं माय म्हणायची. पेरणीचं कर्ज, पोरीचं लग्न, वरून परतीचा पाऊस : हा घोर. त्याला विचारमग्न म्हटलं की तो झाडाखाली तत्त्वज्ञान करत बसल्यासारखा वाटतो.

ओळीत जागा कमी असते हे कळतं. ‘घोर’ दोनच अक्षरी आहे. पुढाऱ्यांचं काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. मला तरी ते पेंगताना दिसले.

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक, अंबाजोगाई