माउथ ऑर्गन आणि सूड

संपादक महोदय, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत वेस्टर्न सिनेमांवर लेख आला, छान होता, पण 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'चा (1968) शेवट 'हिरो व्हिलनला गोळी घालतो' एवढ्यावरच उरकलाय ते काही पटलं नाही बुवा. अहो, गोळी तर दोन सेकंदांची गोष्ट आहे! त्याआधी दिग्दर्शक सर्जिओ लिओने आपल्याला तब्बल अडीच तास ताटकळत ठेवतो की हा माउथ ऑर्गनवाला चार्ल्स ब्रॉन्सन नक्की कोण आणि व्हिलन फ्रँकच्या (हेन्री फोंडा) मागे का लागलाय, आणि मधे तर तो फ्रँकला दुसऱ्यांच्या गोळीपासून वाचवतो पण, कारण तो मरायचा तर याच्याच हातून.

मग शेवटी कळतं. कमानीखाली एक पोरगं, म्हणजे लहानपणीचा हाच माउथ ऑर्गनवाला, त्याच्या खांद्यावर उभा मोठा भाऊ, भावाच्या गळ्यात फास, आणि तरुण फ्रँक हसत हसत त्या पोराच्या तोंडात माउथ ऑर्गन कोंबतो. पोराचे पाय लटपटले की भाऊ गेला. संगीतकार मोरिकोनेचं ते कण्हणारं म्युझिक तिथे पहिल्यांदा पूर्ण समजतं.

आणि मरणारा फ्रँक विचारतो तू कोण, तर हा एक शब्द बोलत नाही, तोच माउथ ऑर्गन त्याच्या तोंडात ठेवतो. हेन्री फोंडाची ती नजर बघा, ओळख पटली तोवर माणूस संपला.

आपल्या 'शोले'त (1975) ठाकूरला तर सेन्सॉरने गब्बरला मारूच दिलं नाही, ऐनवेळी पोलीस आणले. ते आठवलं की अजून चिडचिड होते.

आपला एक जुना वाचक