श्रेय एकट्या जिद्दीचे नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सिॲटल सीहॉक्सचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून संघाचे आक्रमण चालवणारा खेळाडू) सॅम डार्नॉल्ड याच्यावर आपल्या क्रीडा पानात आलेला लेख वाचला. अमेरिकन फुटबॉलला मराठी दैनिकात एवढी जागा मिळाली याचा आनंद आधी नोंदवतो, कारण पुढे लिहिणार आहे ती तक्रारच आहे. चार संघांतून बाहेर पडलेला खेळाडू खचला नाही आणि पाचव्या संघाकडून फेब्रुवारी 2026 मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला, हे खरेच आहे. परंतु लेखकाने त्याचे सगळे श्रेय 'जिद्द' या एका शब्दाच्या खात्यावर जमा केले आहे, आणि सोबतच्या चौकटीत ज्यांना सावरता आले नाही त्यांच्यात जणू ती जिद्द नव्हती असे सुचवले आहे. मी सिॲटलजवळ रेडमंड येथे राहतो आणि हा खेळ बरीच वर्षे नेमाने पाहतो, म्हणून हे पत्र.

डार्नॉल्डची पडझड आम्ही अक्षरशः कानांनी ऐकली आहे. 21 ऑक्टोबर 2019 रोजी न्यूयॉर्क जेट्स घरच्या मैदानावर न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडून 33-0 असे हरले. डार्नॉल्डच्या अंगावर त्या दिवशी वाहिनीचा मायक्रोफोन लावलेला होता. बाकावर बसून तो सहकाऱ्यांना म्हणाला, "मला भुते दिसताहेत," आणि ते वाक्य देशभर प्रक्षेपित झाले. त्या सामन्यात त्याच्या चार फेकी प्रतिस्पर्ध्यांनी झेलल्या आणि त्याच्या फेकींतून जेमतेम 86 यार्ड मिळाले. त्या वाक्याची पुढे यथेच्छ टिंगल झाली, पण त्यात थट्टेसारखे काही नव्हते. चेंडू हाती आल्यावर क्वार्टरबॅकला साधारण अडीच-तीन सेकंद मिळतात. पुढची भिंत, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइनचे पाच धिप्पाड गडी, तेवढा वेळ टिकत नाही असे चार-सहा वेळा अनुभवले, की भिंत टिकली असतानाही त्याला कोणीतरी धावून येताना दिसू लागते. नजर मैदानावरून उठून अंगावर येणाऱ्या माणसावर खिळते, पाय हलतात आणि फेक चुकते.

2018 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेलेला हा मुलगा पहिला सामना खेळला तेव्हा 21 वर्षांचा होता. जेट्समधील तीन हंगामांत त्याच्या नावावर 13 विजय आणि 25 पराभव लागले, आणि पुढे कॅरोलायनाच्या संघातही फारसे वेगळे घडले नाही. मग 2023 मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोच्या संघात ब्रॉक पर्डीचा राखीव खेळाडू म्हणून जवळजवळ वर्षभर बाकावर बसला. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतले हेच सर्वांत मोलाचे वर्ष, आणि आपल्या लेखात ते एका ओळीत उरकले आहे. तेथील मुख्य प्रशिक्षक काइल शानाहान यांची पद्धत त्याने शिकून घेतली, आणि त्या वर्षी तेथे पासिंगच्या खेळाची जबाबदारी असलेले क्लिंट क्युबिऍक हेच 2025 मध्ये सिॲटलचे आक्रमण-समन्वयक झाले. म्हणजे सिॲटलमध्ये त्याच्या हेल्मेटमधल्या रेडिओवरून ज्या परिभाषेत डाव सांगितले जात होते, ती त्याला आधीपासून येत होती. हा आवाजही डाव सुरू करण्याच्या घड्याळात 15 सेकंद उरले की बंद होतो आणि पुढचे सारे त्याचे त्यालाच ठरवावे लागते. तोवर काय सांगून झाले आहे, यावर बरेच काही अवलंबून असते.

'जिद्द' या निकषाची खरी परीक्षा मिनेसोटाच्या संघातल्या 2024 च्या हंगामात होते. तेथेही त्याला संधी मिळाली ती नवा क्वार्टरबॅक जे. जे. मॅकार्थी सरावकाळात गुडघ्याच्या दुखापतीने बाद झाला म्हणून. प्रशिक्षक केव्हिन ओ'कॉनेल यांनी त्या हंगामात एक गोष्ट स्पष्ट बोलून दाखवली होती, की तरुण क्वार्टरबॅक संघाला तोंडघशी पाडण्याआधी संघच त्याला तोंडघशी पाडतात. डार्नॉल्डने 35 टचडाउन (सहा गुण मिळवून देणाऱ्या फेकी) फेकले, संघाने 17 पैकी 14 सामने जिंकले. आणि मग प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, लॉस एंजेलिस रॅम्सने त्याला एकाच सामन्यात नऊ वेळा सॅक केले, म्हणजे चेंडू हाती असतानाच जमिनीवर लोळवले. माणूस तोच, प्रशिक्षक तेच, आठवडाभरात जिद्द आटली असेही नाही. भिंतीतला महत्त्वाचा गडी क्रिस्तियन डॅरिसॉ ऑक्टोबरपासूनच दुखापतीमुळे बाहेर होता. त्या रात्री डार्नॉल्डनेही चेंडू नको इतका वेळ हातात धरून ठेवला हे मान्य करतो. सगळा दोष भिंतीवर टाकणेही तितकेच एकांगी ठरेल.

असेच उदाहरण जॅरेड गॉफचे. 2016 मध्ये ड्राफ्टमधला पहिला क्रमांक, रॅम्सकडून सुरुवातीचे सातही सामने हरलेला. पुढच्या वर्षी अवघ्या तिशीचे शॉन मॅकव्हे प्रशिक्षक म्हणून आले, सिनसिनाटीहून अँड्र्यू व्हिटवर्थसारखा कसलेला गडी भिंतीच्या डाव्या टोकाला उभा राहिला, रॉबर्ट वूड्स आणि कूपर कप हे झेल घेणारे मिळाले, आणि त्याच गॉफने 28 टचडाउन फेकून संघाला 11 विजय मिळवून दिले. एका उन्हाळ्यात मनुष्यस्वभाव इतका बदलत नाही.

अर्थात माणसे बदलली की क्वार्टरबॅक सावरतोच, असे मी म्हणत नाही. रसेल विल्सन सिॲटल सोडून डेन्व्हरला गेला तेव्हा संघ, प्रशिक्षक, सगळेच नवे होते, आणि त्याचा खेळ उलट उतरला. बदल योग्य हवा, आणि भुते कायमची वस्तीला येण्याआधी व्हायला हवा.

सुपर बोलबद्दलही थोडे. प्रतिस्पर्धी पुन्हा तेच पेट्रियट्स होते, त्यामुळे लेखकाला सूडकथेचा मोह झाला हे समजू शकते. पण सिॲटल 29-13 असे जिंकले त्यात 15 गुण जेसन मायर्सने पायाने मारलेल्या पाच फील्ड गोलचे होते, सामन्याचा मानकरी चेंडू घेऊन धावणारा केनेथ वॉकर ठरला, आणि बचावफळीने पेट्रियट्सना बराच वेळ डोके वर काढू दिले नाही. डार्नॉल्डचे काम त्या दिवशी एवढेच होते, की चेंडू प्रतिस्पर्ध्याला द्यायचा नाही. ते त्याने चोख केले. नोव्हेंबरमध्ये रॅम्सविरुद्ध त्याने चार वेळा चेंडू गमावला होता, तरी सिॲटल दोनच गुणांनी हरले आणि दुसऱ्या दिवशी कोणी त्याची जागा काढून घेतली नाही. जेट्समध्ये असा आधार त्याला कधी मिळाला?

आता चौकटीबद्दल. ह्यूस्टन टेक्सन्सचा क्वार्टरबॅक डेव्हिड कार याला आपण 'दडपणाखाली कोसळलेला' म्हटले आहे. 2002 मध्ये संघ नवाकोरा होता, भिंतीचा आधारस्तंभ म्हणून घेतलेला टोनी बोसेली खांद्याच्या दुखापतीमुळे त्या संघासाठी एकही सामना खेळू शकला नाही, आणि कारला त्या एका हंगामात 76 वेळा सॅक केले गेले. लीगच्या इतिहासात एका हंगामात एवढे सॅक दुसऱ्या कोणाच्याही वाट्याला आलेले नाहीत. चौकट पुन्हा छापण्याचा योग आला, तर हा आकडा त्याच्या नावापुढे द्यावा, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
रेडमंड, वॉशिंग्टन राज्य