शेततळ्यात पाणी सोडण्याआधी

पुणे, मे अखेर

चि. सागर,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास की शेततळ्यात अंथरायचा नवा प्लॅस्टिकचा कागद आला, दोन-तीन दिवसांत टाकून घेतो. तेवढ्यात ताईचं बाळ रडायला लागलं आणि बोलणं अर्धंच राहिलं. म्हणून हे लिहून पाठवते. कामाला माणसं येण्याआधी वाच.

आपलं रान मुरमाड आहे. पहिल्या वर्षी आपण कागदाशिवाय तळं भरलं होतं, तू तेव्हा कॉलेजला होतास. दिवाळीपर्यंत तळाला चिखल उरला. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल तळं म्हणजे आतले उतार धरून जवळपास २२ लाख लिटर पाणी, सगळं जमिनीनं पिऊन टाकलं. त्या उन्हाळ्यात आंबे बहाराची, उन्हाळ्यात झाडावर असलेली डाळिंबं वाचवायला टँकर आणले. हे सांगायचं कारण, ५०० मायक्रॉनचा कागद म्हणजे जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. तेवढ्यावर आपली बाग उभी आहे. एक बाभळीचा काटा राहिला तर सगळं फुकट.

तेव्हा तळ आणि चारही उतार आधी अनवाणी चालून बघ. पायाला टोचलं ते कागदाला टोचणारच. खडे वेच, मुळं कापून काढ, मग पाणी मारून माती चोपून घे आणि वर चाळलेली मऊ माती पसर. कागद सकाळी, वारं पडलेलं असताना टाका. भर दुपारी उन्हानं तो लांबतो, तेव्हा ताणून बसवला की रात्रीच्या गारव्यात आखडतो आणि ताण कोपऱ्यांवर नि सांध्यांवर येतो. थोडा सैल राहू दे, सुरकुत्या दिसल्या तर दिसू देत. बांधावर दीड-दोन फूट चर खणून कडा त्यात गाडा. पाइपचं पाणी जिथे पडतं तिथे जुनं टायर ठेव, नाहीतर धार एकाच जागी आपटत राहते. शेळ्या बांधावर चढू देऊ नकोस.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते.

तू म्हणालास, कुंपण पुढच्या वर्षी बघू, यंदा कागदातच पैसे गेले. सागर, तसं करू नकोस.

तुला मी कधी सांगितलं नाही. तीन वर्षांपूर्वी, आबा बाजारला गेले होते तेव्हा, मी तळ्याकाठी बादली बुडवायला वाकले आणि पाय गेला. मातीचं तळं असतं तर चिखलात टाच रुतली असती, गवताचं मूठभर बुड हाताला लागलं असतं. कागदावर काहीच नसतं. पाण्याखाली शेवाळ धरलेलं, हात टेकला की सरकतो, नखं ओढली तरी ओरखडा उठत नाही. काठ दोन हातांवर दिसत होता आणि मी खालीच जात होते. मोटारीचा दोर हाताला लागला म्हणून आज ही नात मांडीवर घेऊन बसले आहे. आबांना काळजी नको म्हणून गप्प राहिले. ते चुकलंच माझं. तेव्हाच बोलले असते तर कुंपण तेव्हाच झालं असतं.

पोहता येणारा माणूसही कागदाच्या तळ्यातून आपला आपण वर येईलच असं नाही. चांगली पोहणारी माणसंसुद्धा यात गेली आहेत, दर उन्हाळ्यात पेपरात येतं. पोहता येणं वेगळं आणि वर चढता येणं वेगळं.

म्हणून पाणी सोडण्याआधी चारही बाजूंना जाड दोर सोड. हातभर अंतरावर गाठी मार, तळापर्यंत पोचू दे, वरचं टोक बांधाच्या बाहेर लोखंडी खुंटीला बांध आणि दोन माणसांनी लोंबकळून बघा. ट्रॅक्टरच्या दोन हवा भरलेल्या ट्यूब दोर बांधून काठावर ठेव. कुणी पडलं तर मागोमाग उडी मारायची नाही, ट्यूब फेकायची, हे गड्यांना सांग, त्यांच्या पोरांनाही सांग. आणि जाळीचं कुंपण, कुलपाच्या फाटकासकट. माझ्या भिशीचे पैसे पुढच्या आठवड्यात मिळतात, ते यालाच घे. दिवाळीला ताईचा थोरला येणार आहे, चार वर्षांचा. त्याला पाण्याचं केवढं वेड आहे तुला ठाऊक आहे.

जुना कागद टाकू नकोस. त्यातला धड भाग कापून कडब्याच्या गंजीवर घाल. मध्ये उंच, दोन्हीकडे उतार, कडांना दगड बांधून लोंबते सोड. बुडापर्यंत गुंडाळू नकोस, खालून वारं खेळलं नाही तर आतल्या वाफेनंच कडबा बुरशी धरतो.

तळं भरलं की पाणी कुठवर आहे त्याच्या खुणा कर. काठोकाठ असताना एक सेंटीमीटर उतरलं की नऊ हजार लिटर गेलं समज. उन्हाळ्यात उन्हानं दिवसाला जवळपास तेवढं जातं, पावसाळ्यात एवढं उतरलं तर कुठेतरी भोक असेल.

बारसं झालं की मी निघते. आल्याबरोबर आधी दोर ओढून बघणार आहे. आबांना गोळ्या वेळेवर दे.

तुझी,
आई