चिऊ, बोट न्यायच्या आधी हे वाच

प्रिय चिऊ,

काल फोनवर तू म्हणालीस की शनिवारी तुम्ही चौघी बोट घेऊन हॉटन लेकला चाललायत, मी बरं सावकाश जा म्हणून फोन ठेवला आणि मग रात्रभर डोक्यात तेच. आजीचं ऑपरेशन नीट झालंय, आत्ता झोपलीये, मी इथे भारतात तिच्या शेजारच्या खुर्चीत बसून हे टाइप करतोय त्यामुळे इकडचं तिकडे होईल, पण शेवटपर्यंत वाच. फोनवर सांगायला लागलो की तू हो बाबा माहितीये म्हणतेस. बोट ट्रेलरला बांधायचं काम इतकी वर्षं मीच केलंय, तू टॉर्च धरलास, पट्टा हातात दिलास, पण रॅचेटचं, म्हणजे पट्टा आवळायच्या खटक्याचं, हँडल तू कधी मारलं नाहीस. हे माझं चुकलं, तुला ते करू द्यायला पाहिजे होतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की कर. पुढचं विंच बोट धरून ठेवत नाही. विंच बोट पाण्यातून ट्रेलरवर ओढायला आहे. तो पिवळा पट्टा नाकाच्या कडीत घट्ट दिसतो म्हणून वाटतं झालं बांधून, आणि निम्मे लोक तसेच निघतात. पण ट्रेलरची चाकं मागच्या बाजूला असतात, खड्ड्यात चाक आदळलं की बोटीचा मागचा भाग उडतो, आणि आपली साठ हॉर्सपॉवरची मोटर तिथेच टांगलेली आहे. मिशिगनचे खड्डे तुला माहीतच आहेत, हिवाळ्यात फटीतलं पाणी गोठून फुगतं आणि वितळतं, जूनपर्यंत सगळे काही बुजवून होत नाहीत. तर बोट खरी धरतात ते मागचे दोन पट्टे. ते नसले किंवा ढिले असले तर पुढे कितीही आवळ, उपयोग नाही.

तुला आठवतं का, तू सातवीत होतीस, आपण फेंटनच्या पुढे यूएस २३ हायवेवर होतो आणि मागून तू ओरडलीस बाबा बोट वाकडी झालीये? मी आरशात बघितलं तर बोट खरंच ट्रेलरच्या एका बाजूच्या फळीवरून सरकलेली. त्या दिवशी मी तुला सांगितलं होतं की पट्टा तुटला. ते पूर्ण खरं नव्हतं. पट्टा आदल्या आठवड्यात बोट पाण्यात सोडायच्या रॅम्पवरच उसवला होता आणि मी नवीन आणायचा कंटाळा करून गॅरेजमधला नायलॉनचा दोर बांधला होता, चांगला जाड, चार वेढे देऊन. रात्री पाऊस झाला, दोर भिजला. नायलॉन आधीच ताणतो, भिजला की अजून ढिला पडतो, आणि माझ्या मनात उलटं बसलेलं होतं कारण दादांच्या ट्रकवर तागाचा रस्सा असायचा, तो भिजला की आकसून आणखी घट्ट व्हायचा. लहानपणी बघितलेलं डोक्यात इतकं पक्कं होतं की दोर वेगळा आहे हे मी तपासलंच नाही. आई, तू, मी, सगळे गाडीत होतो, आणि मागे मंडळातल्या एका कुटुंबाची गाडी होती ज्यांचं बाळ आठ महिन्यांचं होतं. बोट रस्त्यावर पडली असती तर काय झालं असतं ते मी अजून कुणाशी बोललो नाहीये, आईशी पण नाही, आज पहिल्यांदा तुला लिहितोय.

म्हणून आपल्याकडे आता पॉलिस्टरचेच पट्टे आहेत, दोन इंच रुंद, गॅरेजमध्ये डाव्या हाताच्या खुंटीवर टांगलेत, बाहेर उन्हात ठेवत नाही कारण उन्हाने धागा कुजतो आणि वरून कळत नाही. वापरायच्या आधी दोन्ही पट्टे हातातून पूर्ण सरकवून बघ, कड कुठे कातरलीये का, शिवण उसवलीये का, हुकाचं तोंड उघडलंय का. काही दिसलं तर तो पट्टा सरळ कचऱ्यात टाक, गाठ मारून वापरू नकोस, गाठीने पट्ट्याची ताकद निम्म्यापर्यंत खाली येऊ शकते. लेबलवर दोन आकडे दिसतील, २५०० आणि ८३३. मोठा आकडा म्हणजे पट्टा तुटतो तो भार, त्याच्याकडे बघायचंच नाही. छोटा आकडा कामाचा, वर्किंग लोड लिमिट, तो तुटायच्या भाराच्या एक तृतीयांश धरतात. अमेरिकेत कमर्शियल ट्रकना नियम आहे की माल बांधणाऱ्या सगळ्या पट्ट्यांचं वर्किंग लिमिट मिळून मालाच्या वजनाच्या निम्मं तरी भरलं पाहिजे. आपल्यासारख्यांना तो लागू नाही पण मी तोच हिशोब धरतो. आपली बोट, मोटर, पेट्रोल, बॅटरी, सामान धरून साधारण १५०० पाउंड, म्हणजे ७५० लागतात, मागच्या दोन पट्ट्यांचेच १६६६ होतात. ताकद भरपूर आहे, प्रश्न फक्त नीट लावण्याचा.

आता लावायचं कसं. घरून निघताना बोट ट्रेलरवरच आहे त्यामुळे सोपं आहे, पण परत येताना रॅम्पवरून बाहेर काढशील तेव्हा नीट लक्ष दे. रॅम्प उतरता असतो, तिथे बोटीचं नाक पुढच्या रबरी रोलरला टेकलेलं दिसतं आणि वर सपाट जागेवर आलीस की दोन बोटांएवढी फट पडलेली असते. म्हणून रॅम्पवर फक्त विंच आवळ आणि नाकाची सेफ्टी चेन लाव, बाजूला पार्किंगमध्ये ये (मागचे लोक खोळंबलेले असतात, त्यांना वाट दे), आणि तिथे विंच परत दोन क्लिक मारून नाक रोलरला चिकटव. मगच मागचे पट्टे. उलटं केलंस, म्हणजे आधी मागचं आवळलं, तर बोट फट तशीच ठेवून बसते आणि पहिला जोरात ब्रेक मारलास की पुढे सरकून रोलरवर आदळते, त्या क्षणी मागचे पट्टे ढिले.

मागे मोटरच्या दोन बाजूंना खाली दोन कड्या आहेत, त्यात वरचा हुक, आणि ट्रेलरच्या फ्रेमला ज्या कड्या आहेत त्यात खालचा. फ्रेमलाच, दिव्याच्या पत्र्याला नाही. पट्ट्याला पीळ नको. मोकळं टोक रॅचेटच्या फटीतून घाल आणि आधी हाताने ओढ, जेवढी ढील हाताने निघेल तेवढी सगळी काढ, मग हँडल. रुळावर दोन ते तीन वेढे बसले पाहिजेत, एकच बसला तर सटकतो, खूप बसले तर अडकतो आणि मग सोडवताना नखं तुटतात. हँडल शेवटी पूर्ण सपाट बंद कर, क्लिक ऐकू आला पाहिजे. उरलेलं टोक गुंडाळून बांध, चाकाखाली किंवा रस्त्यावर लोंबलं तर तेच पट्टा ओढून ढिला करतं.

किती घट्ट हे लिहून सांगणं अवघड आहे. जोर लावून पार करकचून आवळू नकोस, ॲल्युमिनियम आहे, कडी वाकते. मी असं बघतो की बोटीचा मागचा कोपरा धरून जोरात हलवायचा, बोट आणि ट्रेलर एकदम हलले, स्प्रिंगवर दोघं सोबत वरखाली झाले तर बरोबर. बोट वेगळी आणि ट्रेलर वेगळा हलला तर अजून दोन क्लिक. आणि पट्ट्याला टिचकी मारून आवाज ऐक, घट्ट पट्टा ठणठणतो. ही सवय दादांची. मी सुट्टीत त्यांच्यासोबत लासलगावहून वाशीला कांद्याच्या ट्रकमध्ये जायचो ना, इगतपुरीला कसारा घाट उतरायच्या आधी ते हमखास थांबायचे, चहा नंतर, आधी गाडीला पूर्ण चक्कर मारायचे आणि प्रत्येक रस्सा ओढून सोडायचे, आवाज ऐकायचे. क्लीनरने तपासलं असलं तरी स्वतः परत. गोण्या बसतात रे, असं म्हणायचे, निघताना घट्ट बांधलेलं तासाभराने घट्ट नसतं, माल हलून हलून खाली बसतो आणि रस्सा आपोआप ढिला होतो. काल इथे रस्त्यावर एक कांद्याचा टेम्पो रस्सा बांधताना दिसला, मी पाच मिनिटं तसाच उभा राहून बघत होतो.

तेच बोटीचं. ती ट्रेलरच्या कार्पेटच्या फळ्यांवर बसते, दाबली जाते, पट्टा ढिला पडतो. यात तुझं काही चुकलं असं नाही, पडतोच. म्हणून नोवायमधून निघालीस की हायवेला लागायच्या आधी जो गॅस स्टेशन आहे तिथे थांब, चारपाच मैलच झालेले असतील तरी थांब, आणि सगळं परत हाताने तपास. कमर्शियल ड्रायव्हरना पहिल्या ५० मैलांच्या आत माल परत तपासायचा नियम आहे, तू फेंटनला दुसऱ्यांदा थांबलीस की त्या आत येतेस. त्यानंतर प्रत्येक वेळी पेट्रोल किंवा बाथरूमला थांबाल तेव्हा. मैत्रिणी म्हणतील किती वेळा बघतेस, म्हणू दे. सॅगिनॉच्या पुढे झिलवॉकी ब्रिजवर वारा जोरात असतो, तो खूप उंच आहे, तिथे स्पीड कमी ठेव आणि उजवी लेन धर. ट्रेलरच्या एसटी (खास ट्रेलरसाठीच्या) टायरना बऱ्याचदा ताशी ६५ मैलांचीच मर्यादा असते, त्यामुळे बाकीच्या गाड्या ८० ने गेल्या तरी तू साठच्या आसपासच राहा. थांबशील तेव्हा चाकाच्या हबजवळ हात ने, कोमट ठीक, चटका बसला तर बेअरिंग गेलंय, पुढे जाऊ नकोस, मला फोन कर.

मधून, बोटीच्या वरून आडवा एक पट्टा टाकायचा असेल तर टाक, कव्हरसाठी चांगला, पण बोटीच्या काठावर जिथे टेकतो तिथे खाली जुना टॉवेल घाल, आणि त्याला एक अर्धा पीळ दे. ह्याच एका पट्ट्याला पीळ द्यायचा. सपाट ठेवला तर वाऱ्याने असा घूं घूं आवाज करतो की तासाभरात डोकं उठतं, आणि फडफडून फडफडून झिजतो. उशा, लाइफ जॅकेट, आइसबॉक्स गाडीत घे, बोटीत उघडं ठेवू नकोस. मोटरखाली तो टेकू लावायला विसरू नकोस, नाहीतर सगळं वजन बोटीच्या मागच्या फळीवर उड्या मारतं.

हिच, म्हणजे गाडी आणि ट्रेलरचा जोड, तुला येतो, तरी सांगतो, कपलर (ट्रेलरच्या टोकाची, गाडीच्या गोळ्यावर बसणारी वाटी) बंद करून पिन घातल्यावर पुढचा जॅक फिरवून गाडीचा मागचा भाग थोडा उचलून बघ, सुटत नाही म्हणजे बसलाय. सेफ्टी चेन खालून एकमेकींवरून क्रॉस, म्हणजे हिच सुटलाच तर दांडा त्या चेनच्या झोळीत पडतो, रस्त्यावर टेकत नाही.

तिकडे पोचल्यावर एक मोठा घोळ होतो तो टाळ. मागचे पट्टे वर पार्किंगमध्येच सोड. ते तसेच ठेवून बोट पाण्यात ढकलली तर मागचा भाग ट्रेलरला बांधलेला राहतो, तरंगत नाही, आणि मागून पाणी आत येतं. पण पुढचं विंच आणि नाकाची चेन मात्र पाण्यात जाईपर्यंत सोडू नकोस, उतारावर बोट फळ्यांवरून सरळ घसरून काँक्रीटवर येते. मागचे वर, पुढचे खाली, एवढं लक्षात ठेव. आणि ड्रेन प्लग, म्हणजे तळाच्या भोकाचं बूच, लावून मग पाण्यात. परत येताना प्लग काढून सगळं पाणी सोडून मगच हायवे, मिशिगनमध्ये २०१९ पासून हा कायदाच आहे, दंड १०० डॉलरपर्यंत. मला तो कायदा मनापासून पटतो. बाहेरून आलेले उपद्रवी झेब्रा शिंपले १९८८ मध्ये लेक सेंट क्लेअरमध्ये सापडले, तिथून बोटींच्या पाण्यातून, ट्रेलरला अडकलेल्या शेवाळातून ते इनलँड तळ्यांत गेले. ट्रेलरवर पाणवनस्पती लोंबत असेल तर तीही काढ. शिवाय एक गॅलन पाणी म्हणजे आठ पाउंडांच्या वर, तळाला वीस गॅलन राहिलं तर दीडशे पाउंडांहून जास्त वजन मागे सारखं डुचमळतं आणि तुझे पट्टे खेचतं.

आजी उठली. तिला सांगितलं चिऊ माझ्याशिवाय बोट घेऊन चाललीये, तर म्हणाली, चिऊच्या पणजोबांनी बैलगाडीचं चऱ्हाट कधी दुसऱ्याला बांधू दिलं नाही. तू पण मैत्रिणींना बांधू देऊ नकोस, त्यांना टॉर्च धरायला सांग. मला अजून दहा दिवस तरी इथून निघता येणार नाही.

शनिवारी तुम्ही सहाला निघालात तर इथे दुपारचे साडेतीन असतील, मी जागाच आहे. पहिल्या गॅस स्टेशनला थांबलीस की फोटो पाठव, दोन्ही मागच्या कड्यांचा वेगवेगळा, आणि रॅचेटचं हँडल बंद दिसेल असा. जवळून काढ.

तुझा,
बाबा