आठ चिन्हे आणि चिंचोके

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परीक्षा संपल्या की मुलांना कॉम्प्युटरच्या क्लासला घालण्याची घाई सुरू होते, म्हणून हे पत्र. सातवीतली माझी नात गेल्या सुट्टीत अशाच एका क्लासला जात होती. तिथे छापील वहीतले प्रोग्रॅम पाठ करून घेत. प्रोग्रॅम चालायचा, पण का चालला ते पोरीला सांगता यायचे नाही. जन्मभर गणित शिकवलेल्या मला ते फार लागले.

मग भाच्याने मला एक भाषा दाखवली. अर्बन म्युलर यांनी १९९३ साली अमिगा कॉम्प्युटरसाठी केलेली. नाव शिवराळ आहे, ते इथे लिहीत नाही. तिच्यात शब्दच नाहीत. अधिक, उणे, दोन बाण, टिंब, स्वल्पविराम आणि चौकटी कंसाची जोडी, एवढी ८ चिन्हे. म्युलर यांचा कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, पुढे २४० बाइटांत बसला. युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूढ पद्धतीत तेवढ्या जागेत देवनागरीची जेमतेम ८० चिन्हे मावतात.

कॉम्प्युटरच्या स्मृतीतले कप्पे म्हणून आम्ही सोप्यात काड्यापेटीच्या ७ डब्या ओळीने मांडल्या. पहिलीत ३ चिंचोके, दुसरीत ४. बेरीज सहा चिन्हांची : [->+<]. इथला एक काढ, उजवीकडे एक टाक, मागे ये. कंसांचा अर्थ, समोरची डबी रिकामी होईपर्यंत हेच पुन्हा. नातीने शेवटचा डावा बाण गाळला. पहिलीत २ राहिले, दुसरीत ४, आणि एकच चिंचोका डबीतून डबीत पुढे सरकत सातवीच्याही पलीकडे निघाला! "आजी, मी मागे आलेच नाही," ती स्वतःच म्हणाली. चूक कुठे झाली ते तिने हाताने पाहिले होते.

इंग्रजी मोठा ए छापायला ६५ हा आकडा लागतो. तिने आधी ६५ अधिक आणि छापण्यासाठी एक टिंब लिहिले, ६६ चिन्हे. दोन दिवसांनी 'आठ आठे चौसष्ट आणि एक' म्हणत २४ चिन्हांचा प्रोग्रॅम आणला :

++++++++[>++++++++<-]>+.

या भाषेत कुणी नोकरीचे काम करत नाही, हे मला ठाऊक आहे. पण पाटीवर, वीज नसतानाही ती शिकवता येते. शहरातल्या एखाद्या वाचनालयाने मे महिन्यात रोज तासभर खोली दिली, तर मी विनामूल्य शिकवीन. डब्या आणि चिंचोके माझे.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका,
मंगळवार पेठ, कोल्हापूर