जपानमधल्या दोआई स्टेशनवरच्या काकांना

काका,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मराठीही तुम्हाला यायची नाही. तरी लिहितेय, कारण आई भेटेल त्याला तुमच्याबद्दल सांगते आणि दर वेळी माझा गळा दाटून येतो.

आमच्या सहलवाल्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, "तानिगावादाके डोंगराचा रोपवे ना? दोआईला उतरा, वयस्करांना अगदी सोयीचं!" जवळच्या मिनाकामी गावाहून थेट रोपवेपर्यंत बस जाते, हे त्यांच्या गावीही नसावं. आम्ही उतरलो ते १९६७ साली सुरू झालेल्या शिन-शिमिझू बोगद्यात. गार, ओलसर अंधार, आणि समोर सरळ वर चढत गेलेल्या ४६२ पायऱ्या. लिफ्ट नाही, सरकता जिना नाही, विचारायला कर्मचारी नाही. पर्वतीच्या १०३ पायऱ्यांवर वाढलेली आमची आई वर बघून म्हणाली, "साडेचार पर्वत्या!" आणि निघाली. एकाहत्तर वर्षांची, गुडघे कुरकुरणारे.

शंभरेक पायऱ्यांत तिला धाप लागली. मी "बस जरा" म्हटलं असतं तर ती हट्टानं आणखी पन्नास चढली असती. गाडीतली बाकीची मंडळी केव्हाच फोटो काढत पुढे गेली होती.

तेवढ्यात तुम्ही, पाठीवर एवढी मोठी सॅक घेऊन, आमच्या पुढे येऊन थांबलात. बाजूला टेकलात, हुश्श केलंत आणि बुटाची लेस सोडून सावकाश बांधायला घेतलीत. सोबत म्हणून आईही टेकली. पुढे दर थोड्या पायऱ्यांनी तेच. कधी उजवा बूट, कधी डावा. एकदाही मागे वळून तिच्याकडे पाहिलं नाहीत.

वरच्या बंदिस्त वाटेनंतरच्या शेवटच्या २४ पायऱ्याही झाल्या. परत जाताना एवढं उतरायचं, या विचारानं आईचा चेहरा पडला, तर तुम्ही हातवारे करून दाखवलंत: मिनाकामीकडची गाडी वरच, उघड्यावरच्या फलाटावर येते. मग कमरेत वाकलात आणि डोंगराच्या दिशेनं असे झपाझप गेलात, की तुम्हाला दम लागलाच नव्हता हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

आईला ते आधीच कळलं होतं. हल्ली आमच्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर ती थांबते आणि म्हणते, "थांब गं, लेस बांधते."

पायात चपला असतात.

तुमची,
पुण्याची एक मुलगी